फोनवरची फीड की अभ्यासिकेतला पेपर?

भाची पुण्यात नवी पेठेत राहून एमपीएससीची तयारी करते. परवा अमृततुल्यात म्हणाली, "मामा, पेपर बंद करू का? सगळं फोनवर येतंच की."

खर्चाचं म्हणाल तर पेपरचं बिल दर महिन्याला येतं, थोडे पैसे रद्दीतून सुटतात. फीड, म्हणजे फोनवर ॲप आपल्यापुढे निवडून ठेवतं ती पोस्ट-व्हिडिओंची रांग, फुकट. बदल्यात आपण कशावर थांबलो, काय दोनदा पाहिलं याची नोंद जाते आणि तिच्या जोरावर जाहिराती विकल्या जातात.

खरा मुद्दा, बातमी निवडतं कोण? पेपरालाही मालक असतो, जाहिरातदार असतात. त्याला सोवळं समजू नये. पण पहिलं पान आवृत्तीभर सगळ्यांना एकच. आम्ही तिथेच दोघांचे फोन शेजारी ठेवून मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्प शोधला. तिला झाडतोडीविरुद्धचे व्हिडिओ, मला ड्रोनमधून टिपलेला चकचकीत घाट. नदी एकच, आणि चहा गार होईपर्यंत आमचं भांडण!

चूक झाली तर पेपरचा छापील पुरावा उरतो. पोस्ट संध्याकाळपर्यंत गायबही होते.

सोयीत मात्र फीडच पुढे. पीएमपी बसच्या गर्दीत पेपर उघडून दाखवा!

तेव्हा परीक्षेसाठी, मत बनवण्यासाठी पेपर. जमल्यास वेगवेगळ्या कलाचे दोन, अभ्यासिकेत असतातच. आज पाणी येणार का, कुठला रस्ता बंद, एवढ्यापुरती फीड. आणि यूट्यूबची वॉच हिस्टरी, म्हणजे काय पाहिलं याची नोंद, बंद कर आणि जुनीही पुसून टाक म्हटलं, म्हणजे होम पानावरचा शिफारशींचा रतीब थांबतो.