देखावे की कार्यक्रम? तीन जलप्रवासांत नऊ महिने वापरलेल्या एका कागदी पद्धतीचा अनुभव

गेल्या जूनमध्ये अलास्का, सप्टेंबरमध्ये नॉर्वे आणि यंदाच्या फेब्रुवारीत दक्षिण अमेरिकेचे शेवटचे टोक, असे तीन जलप्रवास मी, माझे यजमान आणि सासूबाई अशा तिघांनी मिळून केले. तिन्ही प्रवास निवडताना उद्देश एकच होता, तो म्हणजे जहाजावरून निसर्ग पाहण्याचा. प्रत्यक्षात तिन्ही जहाजांवर सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत व्याख्याने, नृत्यवर्ग, प्रश्नमंजूषा, हस्तकला, नाट्यगृहातील प्रयोग असे काही ना काही सतत चालू असे, आणि तेही आपण भरलेल्या भाड्यातच मिळत असल्यामुळे सोडवत नसे. या ओढाताणीतून मी एक साधी कागदी पद्धत बसवली. ती नऊ महिन्यांत कुठे उपयोगी पडली आणि कुठे अपुरी ठरली, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

पद्धतीची गरज पहिल्याच रात्री पटली. आमचे जहाज संध्याकाळी व्हँकुव्हरहून निघून उत्तरेकडे अलास्कातील सीवर्ड बंदरापर्यंत जाणारे होते, म्हणजे त्याच मार्गाने परत येणारे नव्हते. त्या रात्री आम्ही नाट्यगृहात संगीताचा कार्यक्रम पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी निसर्ग-अभ्यासकांच्या व्याख्यानात कळले की आम्ही आत बसलो असतानाच जहाज सीमोर नॅरोज या खिंडीतून पार झाले होते. ही खिंड जेमतेम पाऊण किलोमीटर रुंद आहे. तिच्या मधोमध पाण्याखाली असलेला रिपल रॉक हा खडक जहाजांना इतका घातक होता की 1958 साली तो सुरुंग लावून उडवावा लागला, आणि आजही मोठी जहाजे तेथून जाण्यासाठी भरती-ओहोटीचा प्रवाह मंदावण्याची वेळ साधतात. जूनमध्ये त्या भागात रात्री दहाच्या सुमारासही आकाशात उजेड रेंगाळत असतो, त्यामुळे डेकवर गेलो असतो तर हे सगळे दिसले असते. कार्यक्रम वाईट नव्हता. पण तोच कार्यक्रम त्याच रात्री पुन्हा एकदा झाला आणि खिंड मात्र मागे पडली, याची रुखरुख मला पुढे कित्येक दिवस लागून राहिली.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी एक कागद घेऊन बसू लागले. दुसऱ्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका आदल्या संध्याकाळी हाती येते; तिच्या शेजारी मार्गाचा नकाशा ठेवायचा आणि त्यावर अरुंद जागा शोधायच्या, म्हणजे खिंडी, फ्योर्ड (उंच कड्यांमधून आत शिरलेली समुद्राची अरुंद, खोल पट्टी), हिमनदीचे मुख किंवा किनारा दोन्ही बाजूंनी जवळ येतो अशी ठिकाणे. जहाजाचा वेग केबिनमधल्या दूरचित्रवाणीवर दिसतो. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर, त्यामुळे दहा नॉटने जाणारे जहाज दोन तासांत साधारण 37 किलोमीटर कापते, एवढ्या हिशेबावर वेळेचा अंदाज बांधता येतो. फोनमध्ये नकाशे आधीच उतरवून ठेवले तर इंटरनेटशिवाय, उघड्या डेकवर, आपले ठिकाण नेमके कळते. असे जे तास निघतील त्यांना चौकट करायची. चौकटीच्या आत कितीही आकर्षक कार्यक्रम असला तरी जायचे नाही, आणि चौकटीच्या बाहेर असताना खिडकीकडे बघत चुटपुटायचे नाही. या नियमाचा दुसरा भाग पाळणे मला पहिल्यापेक्षा अवघड गेले.

अलास्कातल्या ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानातील दिवस हा या पद्धतीचा सर्वांत यशस्वी दिवस ठरला. या उपसागरात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती देतात. उपसागराच्या मुखापासून टार इन्लेट या आतल्या फाट्याच्या टोकापर्यंतचे अंतर सुमारे 105 किलोमीटर आहे, म्हणजे आत जाऊन परत येण्यात जवळजवळ सगळा दिवस जातो. पूर्ण दिवसाला चौकट करणे कोणालाही झेपणारे नाही. गार वाऱ्यात सलग नऊ तास उभे राहिलेल्या माणसाला दुपारनंतर काहीच दिसत नाही, हे मी आजूबाजूला पाहिले. म्हणून आम्ही सकाळचा पहिला तास रेंजरच्या व्याख्यानाला दिला. 1794 साली ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेला हा उपसागर जवळपास पूर्ण बर्फाने भरलेला आढळला होता आणि 1879 साली निसर्ग-अभ्यासक जॉन म्यूर येथे आले तोवर तोच बर्फ साठ किलोमीटरांहून अधिक मागे हटला होता, हे ऐकल्यावर पुढे दोन्ही बाजूंची झाडी आपोआप वेगळी दिसू लागली. मुखाजवळ उंच, दाट अरण्य आहे, पुढे झुडपे आणि शेवटी उघडा खडक. जमीन बर्फाखालून जितकी अलीकडे बाहेर आली तितकी वनस्पती कोवळी, हा क्रम जहाजावरून स्वच्छ वाचता येतो. ते व्याख्यान ऐकले नसते तर मला फक्त हिरवे डोंगर दिसले असते.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज सुमारे तासभर थांबले आणि दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना दिसावे म्हणून हळूहळू स्वतःभोवती वळले. हिमनदीचे मुख सुमारे दीड किलोमीटर रुंद आणि पाण्यावर 75 मीटर उंच आहे. शेजारची ग्रँड पॅसिफिक हिमनदी दगडमातीने इतकी झाकलेली आहे की रेंजरने दाखवेपर्यंत आम्हाला ती मळकट डोंगराचा पायथा वाटत होती. येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगते. बर्फाचा कडा कोसळतो तेव्हा आवाज उशिरा पोहोचतो. जहाज अर्धा किलोमीटर दूर असेल तर सुमारे दीड सेकंद. एवढ्या रुंद मुखावर आवाज नेमका कोठून आला हे शोधेपर्यंत पाण्यावर फक्त लाटा उरतात. त्यामुळे सगळीकडे नजर फिरवण्यापेक्षा जेथून बर्फाचे बारीक तुकडे सतत गळत आहेत अशी एक जागा निवडून तेथेच पाहत राहावे. आम्ही असे केले आणि तासाभरात दोन मोठे कडे संपूर्ण कोसळताना पाहिले. त्या तासाला कार्यक्रमपत्रिकेत सासूबाईंच्या आवडीचा विणकामाचा वर्गही होता. त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, टाके मी उद्याही घालीन. मला बाहेर घेऊन चल.” त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही पुढच्या टोकावरच्या गर्दीत न जाता बाजूच्या डेकवर खुर्ची मिळवली. जहाज वळणार असल्याने कोणत्याही बाजूला बसले तरी चालते, हे आधी माहीत असल्याचा फायदा झाला.

परतीच्या वाटेवर मात्र चौकट सैल केली. आत जाताना जी बाजू उजवीकडे असते तीच बाहेर येताना डावीकडे येते, त्यामुळे एकाच बाजूच्या बाल्कनीतूनही दिवसाअखेर दोन्ही किनारे पाहून होतात. यजमान पोहायला गेले, सासूबाई विणकाम घेऊन खिडकीजवळ बसल्या आणि मी दोन तास झोपले. ही झोप मी त्या दिवसाच्या उत्तम निर्णयांत मोजते, कारण संध्याकाळी उपसागराच्या मुखाजवळ हंपबॅक देवमासे दिसले तेव्हा मी ताजीतवानी होते.

नॉर्वेत पद्धतीत एक दुरुस्ती करावी लागली. गेइरांगेरफ्योर्ड 15 किलोमीटर लांब आहे आणि 2005 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जहाज सकाळी आठला फ्योर्डच्या टोकाच्या गेइरांगेर गावासमोर नांगर टाकणार होते, म्हणून मी आत शिरतानाच्या तासांना चौकट करून पहाटेच सर्वांना उठवले. सप्टेंबरच्या मध्यात तेथे सूर्योदय सातच्या सुमारास होतो आणि उंच कड्यांमुळे फ्योर्डच्या तळाशी उजेड त्याहूनही उशिरा पोहोचतो. सुरुवातीचा चांगला भाग आम्ही काळोखात काढला. नकाशावर जागा बरोबर निघाली होती, पण उजेडाचा हिशेब मी केलाच नव्हता. तेव्हापासून कागदावर सूर्योदय आणि सूर्यास्त लिहिल्याशिवाय मी चौकट करत नाही.

संध्याकाळी पाचला परतीचा प्रवास सुरू झाला तेव्हा खरी अडचण समोर आली. आमच्या जेवणाची ठरलेली वेळ साडेपाचची होती, म्हणजे सेव्हन सिस्टर्स धबधबा समोर येण्याच्या आसपास आम्ही भोजनगृहात असणार होतो. मी त्या दिवशीचे भोजनगृहातील जेवण रद्द करून वरच्या मजल्यावर उशिरा जेवण्याचे ठरवले. यजमानांना ते पटले नाही, कारण त्या टेबलावरच्या सोबत्यांशी त्यांची चांगली मैत्री जमली होती. शेवटी ते खाली गेले आणि आम्ही दोघी डेकवर राहिलो. आजही मला वाटते की तिघांना समाधान देणारा तोच मार्ग होता. सर्वांनी सर्व वेळ एकत्र राहण्याचा आग्रह धरला की एकाचे मन बाहेर आणि दुसऱ्याचे आत राहते. धबधब्याला सप्टेंबरमुळे पाणी कमी होते, सातांपैकी काही धारा अगदी बारीक झाल्या होत्या. वितळत्या बर्फामुळे मे ते जुलै या काळात प्रवाह जोरात असतो, म्हणून धबधब्यांसाठीच जाणाऱ्यांनी महिना जपून निवडावा. कड्यांवरची सोडून दिलेली शेतघरे मात्र तिरप्या उन्हात फार सुंदर दिसली.

तिसऱ्या प्रवासात पद्धत कमी पडली. अर्जेंटिनातील उश्वाया बंदराहून पश्चिमेकडे जाताना बीगल खाडीच्या वायव्य शाखेत एकामागून एक हिमनद्या येतात: होलांडा, इतालिया, फ्रान्सिया, आलेमानिया, रोमांश. त्या सगळ्या उत्तरेच्या बाजूने, दार्विन पर्वतरांगेतून उतरतात, म्हणजे पश्चिमेकडे जाणाऱ्या जहाजाच्या उजव्या हाताला. आमची केबिन डाव्या बाजूची होती. अलास्कातील अनुभवावरून मी समजून चालले होते की बाजूने फरक पडत नाही, आणि आरक्षण करताना नकाशा पाहिलाच नाही. येथे जहाज थांबत नाही, वळत नाही आणि परतही येत नाही. शिवाय ज्या दोन तासांना मी चौकट केली होती त्यांतला निम्मा वेळ पाऊस आणि धुके होते. उजव्या डेकवर दाटीवाटीने उभे राहून इतालिया आणि रोमांश तेवढ्या नीट दिसल्या. रोमांशच्या बर्फाखालून फुटून थेट खाडीकडे झेपावणारे पाणी पाहताना मात्र सगळा शीण गेला. ढगाळ हवेत हिमनदीचा निळा रंग अधिक गडद दिसतो. दाट बर्फ प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेतो म्हणून तो निळा, आणि झगझगीत ऊन नसले की तो रंग डोळ्यांना नीट जाणवतो. त्यामुळे पाऊस आला की लगेच आत पळावे, असे मी कोणालाही सुचवणार नाही.

त्या दिवशी कमी पडलेली दुसरी गोष्ट म्हणजे राखीव वेळ. त्यानंतर मी प्रत्येक चौकटीच्या आधी आणि नंतर एकेक तास मोकळा ठेवू लागले; त्या तासात जायचेच असेल तर अर्ध्यातून उठता येईल असाच कार्यक्रम निवडायचा. प्रश्नमंजूषेतून उठता येते, नाट्यगृहाच्या मधल्या रांगेतून उठणे इतरांना त्रासदायक असते.

कार्यक्रमांविषयी माझे मत नऊ महिन्यांत बरेच बदलले. सुरुवातीला मी त्यांना देखाव्याचे शत्रू मानत असे. आता निसर्ग-अभ्यासकांची व्याख्याने मी चौकटीइतकीच पक्की धरते. पोहणे, डेकवरची फेरी, खिडकीजवळचे वाचन ही कामे किनारा दूर असताना सुखाने होतात. रात्रीच्या प्रयोगांचे बहुधा दोन खेळ असतात, त्यांपैकी उशिराचा घेतला की उत्तरेतील लांब संध्याकाळ वाया जात नाही. एका जहाजावर ऐन हिमनदीसमोर थांबलेले असताना आतल्या दुकानांतील सवलतीची घोषणा ध्वनिक्षेपकावरून झाली, ते मला मनापासून खटकले आणि मी तसे लेखी कळवलेही.

साधनांत दुर्बीण सर्वांत कामाची. आमची 8 बाय 42 मापाची, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी आहे. दहा पट किंवा अधिक मोठे करणारी दुर्बीण हलत्या जहाजावर हातात स्थिर राहत नाही. वरच्या मजल्यावरची काचेची बैठक उबदार आणि सासूबाईंसाठी सोयीची होती, पण रंगीत काचेतून बर्फाचा रंग खरा कळत नाही आणि छायाचित्रांत आतल्या दिव्यांचे प्रतिबिंब येते. तेथे बसावे, विश्रांती घ्यावी आणि चौकटीतल्या वेळी दहा-दहा मिनिटांसाठी का होईना, बाहेर यावे.

पुढचा प्रवास ठरवताना या वेळी कागद आरक्षणाच्या आधीच काढला आहे. मार्ग एकेरी असल्याने किनाऱ्याच्या बाजूची केबिन मागितली आहे आणि जेवणाची वेळ उशिराची घेतली आहे. सासूबाईंनी विणकामाची पिशवी आताच भरून ठेवली असून मोकळ्या पाण्यातल्या दोन दिवसांत काय विणायचे, तेही त्यांनी माझ्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवले आहे.