विनाअल्कोहोल जिनचे सात महिने : चव जमली, बाटली टिकली नाही

शोकेस पुसताना विनाअल्कोहोल जिनची बाटली सहज उजेडात धरली, तेव्हा तिच्या मधोमध पिंजलेल्या कापसासारखा एक पुंजका संथपणे फिरताना दिसला. बूच काढले तर हपुषा (जिनला तिचा खास वास देणारे जुनिपरचे फळ), लिंबाची साल, धणे यांपैकी कशाचाच वास नव्हता. होता तो ओल्या, आंबूस फडक्याचा. ७०० मिलिलिटरची ही आयात बाटली मी १,८५० रुपयांना घेतली होती. ५० मिलिलिटरच्या मापाने तिच्यातून चौदा ग्लास निघायला हवे होते. निघाले सहा, आणि उरलेले आठ मोरीत गेले. ही घटना वापराच्या तिसऱ्या महिन्यातली असली, तरी तिच्यावरून विक्रेत्याशी चाललेला पत्रव्यवहार गेल्या आठवड्यात संपला, म्हणून आज लिहायला बसलो आहे.

शुक्रवारी संध्याकाळी एक जिन-टॉनिक हा माझा वीस वर्षांचा नेम होता. गेल्या वर्षी सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली आणि डॉक्टरांनी तो नेम मोडायला लावला. लिंबूसरबताने शुक्रवार साजरा होत नाही हे दोन महिन्यांत कळल्यावर या वाटेला लागलो. बाटली निवडताना मी एकाच गोष्टीवर भाळलो : लेबलवर ठळकपणे ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असे लिहिले होते. घरी आणून ती मी मोठ्या दिमाखात शोकेसमध्ये, जुन्या गोव्याच्या जिनच्या शेजारी ठेवली. सहा शुक्रवार झाले, मग आम्ही मुलीकडे पाच आठवडे राहून आलो, आणि पुढे काय झाले ते वर सांगितलेच आहे.

विक्रेत्याचे उत्तर असे आले की ‘उघडल्यानंतर फ्रिजमध्ये ठेवा आणि सहा आठवड्यांत संपवा’ ही सूचना लेबलवर छापलेली आहे, म्हणून परतावा मिळणार नाही. छापलेली होती हे खरे, पण ती ओळ आयातदाराने चिकटवलेल्या स्टिकरखाली अर्धी दडलेली होती आणि उरलेली अर्धी मला पत्नीच्या भिंगातून वाचावी लागली. त्याचे छायाचित्र काढून पाठवले. पाच ई-मेलनंतर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचे कूपन आले, म्हणजे आठ ग्लासांची भरपाई मिळवायची तर मी आणखी १,६६५ रुपये खर्च करायचे होते.

रागाच्या भरात एक गोष्ट मात्र नीट समजली. जिनमधले अल्कोहोल केवळ नशेसाठी नसते. ते बाटलीचे राखणदारही असते. युरोपात जिन म्हणवून घ्यायला किमान ३७.५ टक्के अल्कोहोल लागते, आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेले असते, आणि एवढ्या तीव्रतेत काहीही वाढू शकत नाही. म्हणूनच शोकेसमधली ती गोव्याची जिन तीन वर्षे पाव बाटली उरलेली असूनही वासाला जशीच्या तशी आहे. अल्कोहोल काढले की उरते ते वनस्पतींचा अर्क असलेले पाणी, आणि तेही प्रिझर्व्हेटिव्हविना! ते दुधाइतके नाही तरी उघडलेल्या सरबतासारखे नाशवंत असणारच. ज्या दोन शब्दांवर भाळून मी ती बाटली घेतली, त्याच शब्दांनी मला बुडवले. आता मी घटकांच्या यादीत पोटॅशियम सॉर्बेट हे प्रिझर्व्हेटिव्ह शोधतो आणि सापडले की निश्चिंत होतो.

याच कारणाने युरोपीय संघाच्या न्यायालयाचा नोव्हेंबर २०२५ मधला निकाल मला पटला. जर्मनीतल्या एका खटल्यात न्यायालयाने म्हटले की अल्कोहोल नसलेल्या पेयाला जिन म्हणून विकता येणार नाही, मग लेबलवर ‘अल्कोहोलरहित’ असे लिहिलेले असले तरीही. अनेकांना हा शब्दच्छल वाटला असेल. मला नाही वाटत. बाटलीवर जिन हा शब्द नसता, तर मी ती शोकेसमध्ये ठेवलीच नसती.

आता चवीविषयी. पहिला ग्लास मी जुन्या सवयीने एकास तीन असा टॉनिक ओतून केला. पत्नीने एक घोट घेऊन म्हटले, “अहो, हे धण्याच्या पाण्यासारखे लागते.” तिचे चुकले नव्हते. तेव्हा माझेही मत झाले होते की हे महागडे सरबत आहे आणि भरणाऱ्यांनी पाण्याचे पैसे केले आहेत.

ते मत बदलले स्वयंपाकघरात. थोडे पैसे वाचवावेत म्हणून काष्ठौषधींच्या दुकानातून पन्नास ग्रॅम हपुषा आणली. दुकानदार तिला हाऊबेर म्हणतो. खलबत्त्यात ठेचल्यावर त्या निळसर काळ्या गोळ्यांतून राळेचा असा काही घमघमाट सुटला की वाटले, जमले. धणे, दोन वेलदोडे आणि लिंबाची साल घालून पातेल्यात उकळी काढली. घरभर जिनचा वास दरवळला आणि कपात उरले नुसते कडू पाणी. हपुषेचे सुगंधी तेल अल्कोहोलमध्ये विरघळते, पाण्यात नाही, त्यामुळे ते वाफेबरोबर निघून गेले होते. हा सुगंध पाण्यात धरून ठेवणे हे खरे कसब आहे, त्याचे पैसे द्यावेच लागतात, हे तेव्हा मान्य केले. तक्रार आता किमतीबद्दल नाही, बाटलीच्या आकाराबद्दल आहे.

पुढे प्रमाण बदलले. एक भाग हे पेय, दीड भाग टॉनिक, वर थोडा सोडा, इतके पुरते. साध्या टॉनिकच्या २०० मिलिलिटरमध्ये सुमारे सोळा ग्रॅम साखर असते, आणि यकृतासाठी जिन सोडून दर शुक्रवारी एवढी साखर पिणे हा शहाणपणा नव्हे. लिंबू पिळू नये, कारण आंबटपणात उरलासुरला सुगंध बुडतो. सालीचा पातळ काप ग्लासावर मुरगळून टाकावा. बर्फाचे मोठे खडे घ्यावेत.

घशाला जाणवणारी ती धग मात्र कशानेच येत नव्हती. उत्पादक त्यासाठी आले किंवा मिरचीचा अर्क घालतात, पण माझ्या बाटलीत तो नावापुरता होता. मग गोव्यातला उन्हाळा आठवला. तिथे काजूची हुर्राक लिम्का आणि मिठाबरोबर पिताना ग्लासात चिरलेली हिरवी मिरची टाकतात. तीच युक्ती केली : एक मिरची उभी चिरून, बिया झटकून, दोनच मिनिटे बुडवून काढली. पहिला घोट घशाखाली उतरला आणि मी पत्नीला हाक मारली. मिरचीने आपले काम इतके चोख केले होते की तिने बाटलीचे लेबल पुन्हा वाचून पाहिले.

निवडणाऱ्यांना दोनच गोष्टी सांगतो. घटकांत हपुषा आहे का ते आधी पाहावे. २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या सीडलिपचे नाव या प्रकारात सर्वांत आधी घेतले जाते, पण त्यांच्या गार्डन १०८ मध्ये मटार, गवत आणि पुदिना आहे, हपुषा नाही. ते पेय चांगले असेल, पण जिनची तहान त्याने भागत नाही. दुसरे, ‘अल्कोहोल-फ्री’ आणि ‘०.०’ हे एकच नव्हे. अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेल्या बाटल्याही काही देशांत पहिल्या नावाने विकल्या जातात, आणि ज्यांना थेंबही वर्ज्य आहे त्यांनी आकडा वाचावा.

आणि बाटली लहान घ्यावी. एकट्या माणसाच्या आठवड्याला एक ग्लास या हिशेबाने ७०० मिलिलिटर संपायला चौदा शुक्रवार लागतात, आणि मुदत सहाच आठवड्यांची. सध्या मी २५० मिलिलिटरची भारतीय बाटली ६०० रुपयांना घेतो. पाच ग्लास, पाच शुक्रवार, एक आठवडा हाताशी. झाकणावर चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख लिहितो आणि बाटली फ्रिजच्या दारात कोकम आगळाशेजारी ठेवतो. आत्ताच्या बाटलीची मुदत संपायला नऊ दिवस उरले आहेत आणि आत तीन ग्लास आहेत. उद्या शुक्रवार, परवा साडू येणार आहेत, त्यानंतर पुढचा शुक्रवार. साडूंनी दुसरा ग्लास मागितला नाही, तर हिशेब जमतो.