दांड्या मोजू नका, गेलेली रेंज परत कधी येते ते बघा: मराठवाड्यात तीन फोन वापरल्यावर

तीन अँड्रॉईड फोन, तिन्हींत एकाच ऑपरेटरचं सिम, आणि काही महिन्यांचा वापर. भाग म्हणजे बीड-धाराशिवकडचा बालाघाट, परभणी-हिंगोलीची सपाट काळी रानं आणि उदगीर-देगलूरची सीमा. फोन ‘अ’ महागातला ५जी, चार अँटेनांचा. फोन ‘ब’ पंधरा हजारांच्या आतला ५जी. फोन ‘क’ जुना ४जी, त्यावर कस्टम रॉम, म्हणजे कंपनीचं सोडून दुसऱ्यांनी बनवलेलं अँड्रॉईड. मॉडेलची नावं मुद्दाम देत नाही. त्याच मॉडेलचं बेसबँड फर्मवेअर, म्हणजे फोनमधल्या रेडिओ चिपचं (मोडेमचं) सॉफ्टवेअर, बदललं की वागणं बदलतं, मग नावावरून फोन घेणारा फसतो.

आधी दांड्यांचा विषय मिटवू. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या याला कुठलंही बंधनकारक मानक नाही. अँड्रॉईडच्या मूळ कोडमध्ये ४जीचे उंबरठे −१२८, −११८, −१०८ आणि −९८ डीबीएम असे आहेत (डीबीएम म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं डेसिबलमधलं माप; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला), पण ऑपरेटरच्या सेटिंगमधून ते बदलता येतात. २०१० मध्ये आयफोन ४ च्या अँटेनावरून गदारोळ झाला, तेव्हा अ‍ॅपलने अपडेटमध्ये दांड्यांचं गणितच बदललं होतं. तेव्हा ‘अपडेटनंतर रेंज वाढली’ असं कोणी म्हणालं तर आकडा विचारा. आकडा बघायला डायलरवर *#*#४६३६#*#* दाबा आणि ‘फोन माहिती’ उघडा. काही कंपन्यांनी हा कोड बंद केलाय. तिथे सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’, मग ‘सिम स्थिती’ असं जा. आयफोनवर *३००१#१२३४५#* दाबून कॉलचं बटण. नेटमॉन्स्टरसारखं अ‍ॅप टाकलं तर बँड (फोन लहरींच्या कुठल्या पट्ट्यावर आहे तो) आणि टॉवरचा क्रमांकही दिसतो.

बघायचे आकडे दोन. आरएसआरपी म्हणजे सिग्नलची ताकद: −९० च्या आसपास उत्तम, −१०५ ला काम चालतं, −११५ ला कॉल लागेल पण भरवसा नाही, −१२० च्या पुढे नशीब. दुसरा एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे ते. हा शून्याखाली गेला की −९५ ची ताकद असूनही पान उघडत नाही. यात्रेत, आठवडी बाजारात किंवा मोंढ्यात आवक वाढलेली असते तेव्हा ‘रेंज फुल्ल, नेट गुल’ होतं. तिथे फोन बदलून काही होत नाही. टॉवरवर गर्दी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दोन फोनच्या आकड्यांत तीन-चार डीबीचा फरक दिसला तर निकाल लावू नका. ४जीच्या मानकातच फोनला आरएसआरपी मोजताना साधारण परिस्थितीत ६ डीबी इकडेतिकडे चुकायची मुभा आहे. एक फोन −१०८ म्हणतो, दुसरा −११२, आणि प्रत्यक्षात दोघांच्या कानावर सारखंच पडत असतं. ‘अ’ आणि ‘ब’ मध्ये उघड्या रानात कायम एवढाच फरक दिसला. पैसे मोजल्याचा फरक तिथे नव्हताच. तो दिसला पत्र्याखाली, घाटात आणि लाईट गेल्यावर.

पत्र्यापासून सुरू करू. रानातल्या आखाड्यावर चारी बाजूंनी पत्रा असतो आणि बाहेर डोक्यावर गेलेला ऊस. इथे बँडला किंमत येते. २३०० मेगाहर्ट्झची लहर ८५० च्या तुलनेत मोकळ्या हवेतही त्याच अंतरावर साडेआठ डीबीने कमी पोचते. ओला ऊस आणि भिंती मध्ये आल्या की तफावत आणखी वाढते. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० या तिन्हींवर चालतं, म्हणजे बँड ५, ३ आणि ४०. बाहेर उभं असताना फोन बहुधा वरच्या बँडवर असतो, कारण वेग तिथे. शेडमध्ये शिरलं की त्याने खाली, बँड ५ वर उतरायला हवं. ‘अ’ दोन-चार सेकंदांत उतरायचा. ‘ब’ मात्र बँड ४० ला −११८ वर चिकटून राहायचा, आणि बाहेरून फोन करणाऱ्याला ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकू यायचं. दुसरा बँड कधी तपासायचा याची मर्यादा टॉवर कळवतो हे खरं, पण ते मोजमाप किती तत्परतेने आणि किती नेमकं करायचं हे मोडेमच्या फर्मवेअरच्या हातात असतं. ‘ब’ चं हे दुखणं पुढच्या एका अपडेटनंतर बरंच कमी झालं. अँटेना तीच, पत्रा तोच. बदलला होता फक्त ‘बेसबँड आवृत्ती’समोरचा आकडा.

जुन्या माळवदाच्या घरात, दोन-अडीच हात जाडीच्या दगडमातीच्या भिंतीआड, तिन्ही फोन सारखेच हतबल. तिथे उपाय वायफाय कॉलिंगचा. गावात फायबर आलं असेल तर सेटिंगमध्ये ते चालू करा. चालू करूनही कॉल वायफायवर जात नसेल तर राऊटर बघा: फोन ऑपरेटरपर्यंत आयपीसेक बोगद्यातून, म्हणजे इंटरनेटवरच्या कुलूपबंद वाटेने जातो, त्याला यूडीपी ५०० आणि ४५०० ही पोर्टं मोकळी लागतात. काही स्वस्त राऊटरांत ‘आयपीसेक पासथ्रू’ बंद असतं. बाजारात मिळणारा सिग्नल बूस्टर मात्र घेऊ नका. खासगी माणसाने परवानगीशिवाय तो बसवणं बेकायदेशीर आहे, आणि शेजारच्या चार गल्ल्यांची रेंज त्याने बिघडते.

आता लोडशेडिंग. टॉवरची बॅटरी संपली की गावभर रेंज जाते, लाईट आली की टॉवर उठतो. पण फोन लगेच उठतोच असं नाही, आणि यात तिन्ही फोन एकमेकांपासून जितके वेगळे वागले तितके दुसऱ्या कशातच नाही. सिग्नल हरवला की मोडेम सगळे बँड चाळतो. सापडलं नाही की बॅटरी वाचवायला दोन शोधांमधलं अंतर वाढवत नेतो. हे अंतर किती वाढवायचं ते फर्मवेअर लिहिणारा ठरवतो. ‘अ’ स्क्रीन बंद असतानाही मिनिटा-दोन मिनिटांत परतायचा. ‘ब’ खिशात असेपर्यंत झोपून. स्क्रीन चालू केली की काही सेकंदांत जागा. म्हणजे रेंज आलेली असते, फोनला ठाऊक नसतं.

याच्या जोडीला दुसरी अडचण, जी लोकांना कळतच नाही. टॉवर नुकताच उठलाय, गावातले सगळे फोन एकदम नोंदणीला धावतात आणि काहींची नोंदणी फसते. ४जीच्या नियमाप्रमाणे फसलेल्या प्रयत्नानंतर फोन १० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करतो. पाच वेळा फसलं की मोठं घड्याळ लागतं, आणि ते नेटवर्कने वेगळं सांगितलं नसेल तर १२ मिनिटांचं असतं. शेजाऱ्याच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप टिंगटिंग करतंय आणि आपला ‘फक्त आणीबाणीचे कॉल’ दाखवत बसलाय, यामागे पुष्कळदा हेच असतं. विमान मोड लावा, दहापर्यंत मोजा, काढा. घड्याळ पुसलं जातं. रीस्टार्टची गरज नाही. ‘नेटवर्क रिसेट’ तर अजिबात करू नका, त्याने वायफायचे सगळे पासवर्ड उडतात आणि हाती काही लागत नाही.

सीमेवरचा घोळ याचाच भाऊ. मराठवाडा महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये (ऑपरेटरच्या परवान्याच्या हद्दीत) येतो. उदगीरहून बिदरकडे गेलं की कर्नाटक सर्कल लागतं, देगलूरच्या पुढे तेलंगणात आंध्र प्रदेश सर्कल. परत आलात तरी फोन तिकडचाच टॉवर धरून राहू शकतो, कारण जोवर तो ऐकू येतोय तोवर घरचं नेटवर्क शोधायची त्याला घाई नसते. परक्या नेटवर्कवर असताना घरचं किती वेळाने शोधायचं हे सिमकार्डात लिहिलेलं असतं, सहा-सहा मिनिटांच्या पटीत. काहीच लिहिलेलं नसेल तर ६० मिनिटं. तोवर डेटा रोमिंग बंद असेल तर नेटही बंद राहू शकतं. सीमेलगत राहणाऱ्यांनी डेटा रोमिंग चालूच ठेवावं. तरी अडलं तर नेटवर्क निवड ‘मॅन्युअल’ करून यादीतलं आपलं सर्कल धरावं, आणि दूर जायच्या आधी आठवणीने पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ करावं. ‘मॅन्युअल’वर राहिलेला फोन पुढच्या जिल्ह्यात गप्प बसतो.

घाटात, म्हणजे मांजरसुंब्याला किंवा येडशीकडे, वळणागणिक टॉवर बदलतो. टॉवर बदलायचा निर्णय नेटवर्कचा, पण तो फोनने पाठवलेल्या मोजमापावर होतो. अहवाल उशिरा गेला की कॉल तुटतो. इथे ‘क’ ने सगळ्यांना चकित केलं. जुना असून कॉल सर्वांत कमी त्याचेच तुटले. उलगडा सोपा होता: त्याला ५जीच नव्हतं. ‘अ’ आणि ‘ब’ डोंगराच्या कडेला ५जी दिसलं की तिकडे उडी मारायचे आणि पुढच्या वळणावर परत ४जीवर. ‘पसंतीचं नेटवर्क’ ४जी करून त्याच रस्त्याने नेले तेव्हा तेही सुधारले.

५जीचं आणखी एक. एन ७८ हा ५जीचा बँड म्हणजे ३३०० मेगाहर्ट्झ. टॉवर मोठ्या ताकदीने बोलतो म्हणून फोनला ऐकू येतं, पण फोनची स्वतःची ताकद साधारण २३ डीबीएम, म्हणजे ०.२ वॅट. काठावर डाऊनलोड झकास आणि अपलोड ठार. ई-पीक पाहणीचा फोटो वावरातूनच काढायचा असतो. तो पाठवताना गोल चक्र फिरत राहिलं तर ४जीवर या आणि पुन्हा पाठवा. बॅटरीचंही तेच: काठावर फोन कायम पूर्ण ताकदीने ओरडत असतो, म्हणून गरम होतो. जिओकडे ७०० मेगाहर्ट्झवरचं ५जी, म्हणजे एन २८ देखील आहे आणि खेड्यात ते लांब पोचतं, पण फोनच्या यादीत तो बँड हवा.

पंपाच्या मोबाईल स्टार्टरमध्ये बहुधा २जी सिम असतं, म्हणून बरेच जण फोनमध्ये दोन ऑपरेटर ठेवतात. साध्या ड्युअल सिम फोनमध्ये रेडिओ एकच, दोन्ही सिम तो वाटून घेतात. एका सिमवर बोलणं चालू असताना दुसऱ्याचं नेट थांबणं हा बिघाड नाही. ‘कॉलदरम्यान डेटा अदलाबदल’ असा पर्याय असेल तर लावा.

‘क’ कडे परत येतो, कारण कस्टम रॉमची हौस असलेली पोरं आपल्याकडे कमी नाहीत. रॉम बदलला तरी बेसबँड बहुधा जुनंच राहतं, आणि नवा रॉम आणि जुनं मोडेम जुळलं नाही की पहिला बळी व्होएलटीईचा, म्हणजे ४जीवरून होणाऱ्या कॉलचा. २जी असलेल्या सिमवर निदान साधा कॉल लागतो. जिओवर २जी-३जी नाहीच, तिथे व्होएलटीई गेलं की फोनवर बोलणंच गेलं. फ्लॅश करण्याआधी, म्हणजे नवा रॉम चढवण्याआधी, बेसबँड आवृत्ती लिहून ठेवा. त्याच मॉडेलच्या, त्याच प्रदेशाच्या फर्मवेअरमधलं मोडेम घ्या. दोन स्लॉटचा (सिमचे नव्हे, सिस्टीमच्या दोन प्रती ठेवणारा) फोन असेल तर चालू स्लॉट कोणता ते तपासा, नाहीतर दुसऱ्याच स्लॉटवर लिहिलं जातं आणि ‘काहीच फरक नाही’ म्हणून डोकं धरायची वेळ येते. क्वालकॉमच्या फोनवर मोडेमएसटी१, मोडेमएसटी२ आणि एफएसजी, मीडियाटेकवर एनव्हीरॅम आणि एनव्हीडेटा, या कप्प्यांचा बॅकअप आधी काढा. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि त्या एका फोनच्या रेडिओचं कॅलिब्रेशन, म्हणजे कारखान्यात केलेली जुळणी, तिथे असतं. ते पुसलं तर दुसऱ्या फोनची फाईल टाकून भागत नाही: रेंज कायमची अधू होते, आणि आयएमईआयशी छेडछाड २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कोणता घ्यावा? आखाड्यावर राहणं असेल तर ‘अ’ चे जादा पैसे वसूल होतात, ते पत्र्याखाली आणि लाईट आल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत. लातूर, नांदेडसारख्या शहरात ‘ब’ पुरे, अपडेट मिळत असेतो. दुकानात नुसता वेग तपासू नका. आपलं सिम घाला, विमान मोड लावून काढा आणि रेंज यायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग कॉल चालू ठेवून दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात जा. खोक्यावरची किंवा कंपनीच्या पानावरची बँडची यादी वाचा: ४जीत १, ३, ५, ८, ४० तर हवेतच, बीएसएनएल वापरणार असाल तर २८ बघूनच घ्या, कारण त्यांच्या ४जीसाठी ७०० मेगाहर्ट्झ महत्त्वाचं आहे आणि जुन्या किंवा बाहेरदेशातून आलेल्या बऱ्याच फोनांत तो बँड नसतो. जुना फोन घेत असाल तर *#०६# ने आयएमईआय काढा, ‘केवायएम’ ही अक्षरं इंग्रजीत, पुढे जागा सोडून तो आकडा, असा मेसेज १४४२२ ला पाठवा, आणि क्रमांक खरा असल्याचं उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नका.