भाजीच्या ॲपचे आठ महिने: सगळं जमलं, कोथिंबीर नाही

परवा मंगळवारी ॲपवरून आलेली भाजीची पिशवी उघडली आणि कोथिंबिरीची पेंडी हाताला बुळबुळीत लागली. वरून हिरवी, आत काळी पडलेली. दुपारी आठ माणसं जेवायला येणार होती. तक्रार केली तर उत्तर आलं, भाजी पोचल्यापासून दोन तासांत फोटो पाठवायला हवा होता. पिशवी सातला दारात ठेवून जातात, मी साडेनऊला उघडली. वीस रुपये गेले. त्याहून राग त्या नियमाचा आला.

ॲपवर मागवलेली भाजी सकाळी घरपोच येते, आणि पास म्हणजे ठरावीक मुदतीसाठी पैसे भरून घेतलेली वर्गणी. बाकीचं बेळगावात आता घरोघरी माहीत आहे. म्हणून फक्त अनुभव लिहिते. 2023 च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला, तेव्हापासून मी वहीत भाजीचे दर टिपते. यंदा मार्चमध्ये पास घेतला तो दर जरा बांधून राहावा म्हणून.

जूनपर्यंत माझं मत स्पष्ट होतं: घेऊ नका. इथल्या गणपत गल्लीच्या बाजारापेक्षा टोमॅटोला किलोमागे पाच-सहा रुपये जास्त, वर तो टणक आणि फिका. लांब पाठवायचा माल कच्चाच तोडतात, आणि फार थंडीत ठेवलेल्या टोमॅटोची चव मरते. आमटीत लगेच कळतं.

जुलैत मत बदललं. आपल्याकडे झड लागली की पालेभाजी शेतातच कुजते. त्यात इथली भाजी रोज घाट उतरून गोव्याला जाते. चतुर्थी जवळ आली की तिकडची मागणी वाढते आणि बाजारात सकाळी एक दर, दुपारी दुसरा. त्या दिवसांत ॲपवरचा दर आठवडाभर तोच राहायचा. गवारी, दोडका, ढब्बू मिरची स्वच्छ आणि कोवळी यायची. जुलै-ऑगस्टचा हिशेब केला तर पासाचे पैसे धरूनही 210 रुपये वाचले होते. शेजारच्या वहिनींना तेव्हा मीच पास घ्यायला लावला.

पण कोथिंबीर! एकदा पेंडी वजन करून बघितली: 150 ग्रॅम. फडक्यावर तासभर पसरल्यावर 112. मुळं आणि जाड देठ काढल्यावर हातात राहिली 60 ग्रॅम. म्हणजे पाणीच विकत घेतलं की! ताजी दिसावी म्हणून भिजवतात आणि तशीच प्लास्टिकमध्ये बांधतात. आत वाफ धरते, ती कुजणारच. पिशवीला भोकं पाडा, असं मी तीनदा कळवलं.

आणि नावापुढे ‘जवारी’, म्हणजे गावठी, असं लिहिलेलं असतं. जवारी कोथिंबीर बुटकी, बारीक पानांची. पिशवीत असली तर स्वयंपाकघरात पाऊल टाकताच वास येतो. ही वीतभर देठाची, रुंद पानांची, चुरगळली तरी वास नाही. आपल्या भागात हा शब्द बघून लोक दोन रुपये जास्त मोजतात. तो असा वापरणं मला खोटेपणा वाटतो.

गणपत गल्लीत जवळच्या कडोली गावाहून येणारी मावशी बुट्टी घेऊन बसते. ऑगस्टमध्ये मी पेंडी उचलली तर म्हणाली, ‘वैनी, भिजल्याली हाय, आज नको.’ दहा रुपयांचं गिऱ्हाईक तिनं स्वतः परत पाठवलं. ॲपवर हे मला कोण सांगणार?

बटाट्याचंही थोडं सांगते. सप्टेंबरनंतर तांबड्या मातीतला नवा जवारी बटाटा बाजारात येतो, तेव्हाही ॲपवर शीतगृहातलाच येत राहिला. थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होते. काचऱ्या गोडसर लागतात आणि तळताना काळ्या पडतात.

कांदा, गवारी, दोडका आणि पावसाळ्यातली फळभाजी यांसाठी ॲप चांगलं आहे. पालेभाजीसाठी मी पुन्हा पिशवी घेऊन गल्लीत जाते. पाचपैकी तीन देणार होते, मंगळवारनंतर अडीच. पास महिनाअखेरीला संपतोय. कोथिंबीर कोरडी, कागदात गुंडाळून आणि खरोखर जवारी दिली, तर वर्षाचा पास घ्यायची माझी तयारी आहे.