पेट्रोल, सीएनजी की इलेक्ट्रिक? भीती होर्मुझची असेल तर

इराणच्या बाजूला तणाव वाढला की ओळखीपाळखीत कुणीतरी म्हणतंच, पेट्रोलचं काही खरं नाही, सीएनजी घेऊन टाकू. पैशांपुरतं ठीक आहे. पण धास्ती होर्मुझच्या सामुद्रधुनीची, म्हणजे इराण आणि ओमानमधल्या, आखातातून बाहेर पडायच्या अरुंद समुद्रवाटेची असेल, तर हा हिशेब उलटा आहे.

आपलं सुमारे ८८ टक्के कच्चं तेल बाहेरून येतं, पण सगळं एका दारातून नाही. २०२२ च्या आधी रशियाचा वाटा जेमतेम २ टक्के होता, २०२४-२५ मध्ये तो एक तृतीयांशापर्यंत गेला. त्यातलं बरंचसं तेल बाल्टिक आणि काळ्या समुद्रातून सुएझमार्गे येतं, होर्मुझ वाटेत लागतच नाही. (सुएझच्या वाटेवर तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले करणारे येमेनचे हूथी बंडखोर आहेत खरे, पण तिथे आफ्रिकेला वळसा घालता येतो. आखातात अडकलेल्या जहाजाला तीही सोय नाही.) शिवाय विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरच्या भूमिगत गुहांत ५३ लाख टनांची साठवण आहे. काठोकाठ भरल्या तरी साडेनऊ दिवसांचीच बेगमी, पण आहे. भाव मात्र जगभर एकदमच चढतो, होर्मुझ अडली तर रशियन तेलही महागणार.

सीएनजीचं, म्हणजे दाबून भरलेल्या नैसर्गिक वायूचं, दुखणं वेगळं. देशाला लागणारा जवळपास निम्मा नैसर्गिक वायू आयात होतो, त्यात सर्वांत मोठा विक्रेता कतार, आणि तिथून निघालेल्या प्रत्येक एलएनजी (थंड करून द्रव केलेला वायू) जहाजाला होर्मुझ ओलांडावीच लागते. सीएनजीला देशी वायू आधी मिळतो, हे खरं. पण २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो कोटा कापला गेला आणि वितरकांना महागडा वायू घ्यावा लागला. उणे १६२ अंशांवरचा हा द्रव तेलासारखा गुहेत भरून ठेवता येत नाही, टर्मिनलच्या टाक्यांत असेल तेवढाच.

इलेक्ट्रिकची वीज मुख्यतः देशी कोळशाची. तिथे भानगड चीनची: बॅटरीचे सेल आणि मोटरमधली चुंबकं तिकडूनच येतात, आणि एप्रिल २०२५ मध्ये चीनने चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातल्यावर वाहन उद्योगाची धावपळ झाली. पण हा घोर गाडी दारात येईपर्यंतचा, दर आठवड्याचा नाही.

रोजचं रनिंग भरपूर आणि सोसायटी चार्जर लावू देत असेल तर इलेक्ट्रिक. गाडी रविवारीच निघत असेल तर पेट्रोल पुरे. सीएनजी घ्यायचीच तर स्वस्ताईसाठी घ्या, आणि तिची पेट्रोलची टाकी अर्धी तरी भरलेली ठेवा.