असिस्टंटला ‘आपल्या माणसाचा आवाज’ देतो म्हणणाऱ्या ॲपपासून सावध

बाबांची नजर अधू झाल्यापासून ते फोनशी बोलूनच कामं करतात. पण असिस्टंटचा भरभर बोलणारा परका आवाज त्यांच्या कानाला उमगायचा नाही. तेवढ्यात एक जाहिरात दिसली: तुमचा व्हॉइस असिस्टंट आता तुमच्याच माणसाच्या आवाजात! वर्षाचे पैसे कार्डवरून भरले, त्यांनी दिलेली वाक्यं माझ्या आवाजात रेकॉर्ड करून दिली आणि दिलेल्या लिंकवरून ॲप बाबांच्या फोनवर घेतलं.

नेहमीची हाक मारली की उत्तर जुन्याच आवाजात येई. माझा आवाज ऐकायचा तर ते ॲप उघडून त्यातलं बटण दाबायचं. म्हणजे असिस्टंट बदललाच नव्हता, शेजारी एक वेगळं ॲप बडबडत होतं. हेही चाललं असतं. पण बाबांनी गोळीच्या वेळेचा गजर लावायला सांगितला की ते माझ्या आवाजात ‘लावला’ म्हणायचं, आणि फोनमध्ये गजर लागलेलाच नसायचा. बाबांनी विश्वास ठेवला, कारण सांगणारा आवाज माझा होता. गोळ्या चुकल्या. याचा राग अजून गेलेला नाही.

सिरी किंवा गूगल असिस्टंटचा आवाज बाहेरचं कुठलंही ॲप बदलू शकत नाही. कंपनीने दिलेल्या आवाजांतूनच निवडावा लागतो. जून २०२२ मध्ये ॲमेझॉनने आपली असिस्टंट ॲलेक्सा मंचावर दाखवली होती, ती हयात नसलेल्या आजीच्या आवाजात गोष्ट वाचत होती. असं काही पाहिलं की ही सोय आता सगळीकडे आली असेल असं वाटतं, आणि या लोकांचं फावतं. ॲपलने २०२३ मध्ये आयफोनच्या आयओएस १७ सोबत ‘पर्सनल व्हॉइस’ आणलं. ते खरं आहे, पण ते वाचा जाण्याची भीती असलेल्यांसाठी. ठरावीक वाक्यं वाचायची (सुरुवातीला ती १५० होती), आवाज फोनमध्येच तयार होतो आणि टाइप केलेलं बोलून दाखवतो. सिरी त्या आवाजात बोलत नाही.

आमच्या ॲपने ॲक्सेसिबिलिटीची परवानगीही मागितली होती. ती मिळालेलं ॲप स्क्रीनवरचं जवळपास सगळं वाचू शकतं, ओटीपीसुद्धा, आणि आपल्या वतीने बटणंही दाबू शकतं. स्टोअरबाहेरून घेतलेल्या ॲपला ही परवानगी देताना अँड्रॉइड १३ पासून फोन अडवतो. तो अडथळा कसा काढायचा हे या ॲपने चित्रांसकट शिकवलं होतं. असं शिकवणारं ॲप दिसलं की तिथेच थांबा.

बँकेला सांगून पुढची वसुली थांबवली. पैसे परत मिळाले नाहीत. रेकॉर्डिंग पुसा म्हणून पाठवलेल्या मेलना उत्तर नाही, आणि अटींमध्ये ती कायमची वापरण्याचा हक्क त्यांनी घेऊन ठेवलाय. मला सगळ्यात जास्त हेच खुपतं. ३ सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारं मॉडेल मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्येच मांडलं होतं. यांच्याकडे तर माझी अख्खी वाक्यं आहेत. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय: माझ्या आवाजात कुणी पैसे मागितले तर फोन ठेवा आणि माझ्या नंबरवर उलट फोन करा.

बाबांना हवं होतं ते फोनमध्येच होतं, तेही फुकट. सेटिंग्जमध्ये ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ शोधा. बोलण्याचा वेग आणि पट्टी तिथे कमी करता येते. टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडमधली स्क्रीन वाचणारी सोय, आता त्यांना सावकाश वाचून दाखवते. गजर मात्र घड्याळाच्या ॲपमध्ये लागलाय का, हे आम्ही रोज रात्री उघडून बघतो.