लक्झेंबर्गला चाललात? आधी फ्रेंच शिकायचं की लक्झेंबर्गिश?

लक्झेंबर्गची नोकरी ठरली की घर, शाळा, थंडीचे कपडे यांच्याबरोबर एक प्रश्न हमखास येतो: भाषा कुठली शिकायची? बँका, फंड, आयटी अशा ठिकाणी ऑफिसात इंग्रजीवर निभावतं. ऑफिसबाहेर मात्र तीन भाषा नांदतात. 1984 च्या कायद्याने लक्झेंबर्गिशला राष्ट्रभाषा ठरवलं, कायदे फ्रेंचमध्येच ठेवले आणि सरकारी कामाला लक्झेंबर्गिश, फ्रेंच, जर्मन अशा तिन्ही भाषा चालतील असं म्हटलं. त्यामुळे संसदेत वाद लक्झेंबर्गिशमध्ये रंगतो आणि ज्या कायद्यावरून रंगतो तो फ्रेंचमध्ये छापलेला असतो.

माझं मत आधीच सांगते. दोन-तीन वर्षांसाठी एकटे जात असाल तर फ्रेंच. लहान मूल बरोबर असेल किंवा मुक्काम लांबणार असेल तर लक्झेंबर्गिश, आणि तीही पहिल्याच वर्षापासून.

फ्रेंचची बाजू भक्कम आहे, यात शंका नाही. देशाची लोकसंख्या सात लाखांच्या आत, आणि रोज सीमा ओलांडून कामाला येणारे दोन लाखांहून जास्त. त्यातले निम्मे फ्रान्समधून येतात. सकाळी स्टेशनजवळच्या बेकरीत काउंटरमागे उभी असलेली बाई बहुधा पहाटेची गाडी पकडून फ्रान्समधून आलेली असते. तिच्याशी 'बाँजूर' म्हणूनच सुरुवात करायची. हॉटेलातला वेटर, घराचा भाडेकरार, दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, इथे सगळीकडे फ्रेंच कामाला येते. देशातला सर्वांत मोठा परदेशी समाज पोर्तुगीजांचा, आणि त्यांच्याशीही बाहेर बोलणं फ्रेंचमध्येच होतं. शिवाय फ्रेंच पुण्या-मुंबईत अलियाँस फ्राँसेझमध्ये निघण्याआधीच शिकता येते, आणि पुढे देश बदलला तरी ती वाया जात नाही. लक्झेंबर्गिशचं असं नाही. ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा नाही.

मग लक्झेंबर्गिश कशासाठी? फ्रेंचने दिवस सुरळीत जातो, पण माणसांत मिसळायला ती पुरत नाही. 2021 च्या जनगणनेत सुमारे 49 टक्के लोकांनी लक्झेंबर्गिश ही आपली मुख्य भाषा सांगितली. शेजारी तुमच्याशी सौजन्याने फ्रेंच बोलतील, पण आपापसात, गावच्या बँडमध्ये, फुटबॉलच्या मैदानाकडेला, बालवाडीच्या दारात त्यांची भाषा ही. या भाषेवरच्या मायेला इतिहास आहे. ऑक्टोबर 1941 मध्ये देश ताब्यात घेतलेल्या नाझी जर्मनीच्या प्रशासनाने जनगणनेत राष्ट्रीयत्व, मातृभाषा आणि वंश विचारला. प्रतिकार करणाऱ्यांनी गुपचूप निरोप फिरवला: तिन्ही ठिकाणी 'जर्मन' नाही, 'लक्झेंबर्गिश'च लिहा. लोकांचा कल दिसताच ती गणना गुंडाळावी लागली. म्हणून कुणी परका माणूस 'मोयन' म्हणून नमस्कार करतो, तेव्हा त्याचं मोल तिथल्या माणसाला वेगळं असतं.

शिकायला ती कशी आहे? मराठी माणसाला वाटते तेवढी परकी नाही, हे मला मनापासून सांगायचं आहे. फ्रेंचमध्ये दोनच लिंगं. लक्झेंबर्गिशमध्ये आपल्यासारखीच तीन. गंमत म्हणजे बाईचं नुसतं नाव घेतलं की ते नपुंसकलिंगी चालतं, 'ती' ऐवजी 'हाट', म्हणजे 'ते'. 'ते पोरगं आलं' म्हणणाऱ्या आपल्या कानाला हे पटकन पचतं. दुसरी गोष्ट संधीची. शब्दाच्या शेवटचा न पुढचं अक्षर बघून टिकतो किंवा गळतो: ट्रेन 'देन त्सुख', पण बस 'दे बुस'. संस्कृतचे संधी पाठ केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. रोजच्या बोलण्यात फ्रेंच शब्दही भरपूर आहेत. आभार मानायचे तर 'मर्सी', फार मानायचे तर 'फिलमोल्स मर्सी'.

अडचण साधनांची आहे. आपल्याकडे तिचे वर्ग सहसा मिळत नाहीत. सरकारी ऑनलाइन शब्दकोश मात्र फुकट आहे, उच्चार ऐकवतो आणि अर्थ इंग्रजीतही देतो. खरं शिकणं तिथे पोचल्यावर, राष्ट्रीय भाषा संस्थेत किंवा नगरपालिकेच्या वर्गात.

नागरिकत्वाचा विचार असेल तर मात्र निवड उरतच नाही. साधारण पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो, आणि परीक्षा लक्झेंबर्गिशचीच: बोलणं ए-2 पातळीचं, ऐकून समजणं बी-1 पातळीचं (युरोपात भाषेच्या पातळ्या ए-1 पासून सी-2 पर्यंत चढत जातात). लेखी पेपर नाही. फ्रेंच कितीही अस्खलित असली तरी इथे उपयोग नाही. मात्र भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. तो निर्णय घरात बसून, शांतपणे घ्यावा.

आता मुलांचं. चौथ्या वर्षापासून बालवाडी सक्तीची, आणि तिथे मुलं लक्झेंबर्गिश बोलतात. सहाव्या वर्षी अक्षरओळख होते ती जर्मनमधून. फ्रेंच मागोमाग येते आणि माध्यमिकमध्ये जोर धरते. लक्झेंबर्गिश जर्मनच्या कुळातली, त्यामुळे बालवाडीत ती रुळलेल्या मुलाला जर्मन वाचायला सोपं जातं. घरी मराठी, आवारात फ्रेंच आणि वहीत जर्मन अशी ओढाताण होणाऱ्या मुलाला मधला पूल लक्झेंबर्गिशचाच. 2022 पासून काही शाळांत फ्रेंचमधून अक्षरओळख देऊन पाहिली, आणि ती निवड देशभर देण्याचं ठरलं आहे. मूल आधीच मोठं असेल तर सरकारी आंतरराष्ट्रीय शाळांतला इंग्रजी विभाग बघा. तेराव्या वर्षी जर्मनमध्ये ढकललेलं मूल गप्प होतं.

पालकांना जर्मनची निकड कमी. वर्तमानपत्रं आणि गृहपाठ सोडले तर तिच्यावाचून फारसं अडत नाही. पण पुण्यात मॅक्स म्युलर भवनात बी-1 पर्यंत जर्मन झालेलं असेल तर माझ्या मते फ्रेंच बाजूला ठेवा आणि सरळ लक्झेंबर्गिश धरा. निम्मा रस्ता तुम्ही आधीच चालला आहात.

वेळ नाही म्हणाल, तर त्यालाही सोय आहे. नोकरीत सहा महिने झाले की लक्झेंबर्गिश शिकण्यासाठी एकूण 200 तासांपर्यंत भरपगारी रजा मागता येते आणि सरकार त्यातला निम्मा खर्च मालकाला परत देतं. रुजू झाल्याच्या आठवड्यातच एचआरला तिच्याबद्दल विचारून ठेवा.